हिरव्या ठिपक्याच्या चाळीस नळ्या

भिमाबाई म्हणजे नवी मुंबईच्या पावणे एमआयडीसीतल्या त्या गॅसच्या नळ्या बनवणाऱ्या गाळ्यातली एकुलती एक चेकर! अकरा वर्षं पॅकिंगच्या बाकावर खोकी चिकटवली, तेव्हा कुठं हा मान मिळाला. नळीत हवा भरायची, पाण्याच्या टबात बुडवायची. बुडबुडा आला तर नळी बाद, नाही आला तर हिरव्या रंगाचा ठिपका. ठिपक्याच्या ब्रशला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

त्या सकाळी लेकीचा, दीक्षाचा फोन आला. आंतरकॉलेज वादविवादाला तिची निवड झाली होती. बाईचा आनंद गगनात मावेना. फोन कानाखांद्यात धरून ती ऐकत राहिली आणि हात आपले सवयीनं ठिपके देत सुटले. विषय काय, तर चांगलं-वाईट मुळातच ठरलेलं असतं, की माणसाच्या मनाला वाटतं तेवढंच? दीक्षाच्या वाट्याला दुसरी बाजू आली होती.

बोलता बोलता खोकं भरलं, टेम्पो निघूनसुद्धा गेला. मग भिमाबाईचं लक्ष टबाकडे गेलं. पाणी जागचं हललं नव्हतं. चाळीस नळ्या, एकही न बुडवता पास! तिनं फोनवरच लेकीला घडलं ते सांगितलं.

"आई, कुणाला कळणारे?" सगळं ऐकून दीक्षा म्हणाली. "आणि गळत नसतील, तर चुकलं तरी काय?"

"लाइनवरच थांब तू," म्हणत भिमाबाई थेट मालकाच्या, केतनशेठच्या केबिनमध्ये शिरली आणि सगळं सांगून टाकलं.

केतनशेठ भडकला. "एक जरी गळली ना, तर उद्यापासून पुन्हा पॅकिंगला बसायचं." टेम्पोवाला मिथुन तोवर तुर्भ्याच्या सिग्नलला पोचला होता. शेठनं त्याला फोनवर थांबवलं. भिमाबाईनं रिक्षा पकडली, ट्रकांच्या गर्दीतून "चल रे बाबा, चल" करत त्याला गाठलं आणि खोकं मांडीवर घेऊन परत आली.

सगळा गाळा टबाभोवती गोळा झाला. पहिली नळी बुडवली, बुडबुडा नाही. दहावी, नाही. मशीनवाले मोठमोठ्यानं आकडे मोजायला लागले. एकोणचाळीस... चाळीस! एकही गळली नाही, आणि काय गलका झाला म्हणता! शिट्ट्या काय, टाळ्या काय.

"बघ, उगाच धावाधाव," केतनशेठ हसत म्हणाला. "जा, लाग कामाला."

"म्हणजे तू चुकलीच नव्हतीस, आई," फोनमधून दीक्षा.

भिमाबाईनं ओले हात पदराला पुसले. "नळ्या चांगल्या निघाल्या, ते नळ्यांचं. ठिपका दिला तवा मला काय ठाव होतं? ठिपका खोटाच होता."

मग तिनं ब्रश केतनशेठच्या हातात दिला. "आज तुमच्याकडंच ठेवा, शेठ. उद्या द्यावासा वाटला तर द्या."

आणि ती पॅकिंगच्या बाकावर जाऊन बसली.