तीन पिढ्यांची झाक

मी फार बोलत नाही, हे माझ्या सासरी सगळ्यांना ठाऊक आहे. का बोलत नाही, ते मात्र मी बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. चहा घ्या, गार होईल. सांगते.

लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ माझं लग्न. हे नव्या कचेरीत कारकून. आमचं बिऱ्हाड पत्र्याच्या दोन खोल्यांत. दोन सालं पाऊस नाही म्हणून सासऱ्यांनी गावाकडची बैलं विकली, गाडी विकली, आणि उरलंसुरलं सामान घेऊन सासू-सासरे दोघं आमच्याकडे राहायला आले. त्या सामानात एक बाभळीचा ठोकळा होता. गुडघ्याएवढा, वरून काळाभोर. धूळ झटकली तर तोंड दिसेल असा.

आता माझे वडील नांदेडला फर्निचरला पॉलिश करायचे. "मळ काढायचा, उमर काढायची न्हाई," हे त्यांचं वाक्य ऐकत मी मोठी झाले. जुन्या लाकडावरची काळी झाक बाजारात मिळत नाही. मी मनाशी ठरवलं, ह्याचं स्टूल करायचं आणि झाकेला धक्का लागू द्यायचा नाही.

"आत्याबाई, हे कधीचं?" मी सासूबाईंना विचारलं.

"तुझ्या आजेसासऱ्याचं. लई जुनं."

झालं. तीन पिढ्या.

टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, त्यामुळे पाणी नव्हतंच. आणि जुन्या लाकडाला पाणी दाखवायचंही नसतं. मी गव्हाचा कोंडा चोळला. खराट्याच्या काडीनं भेगांतली माती काढली. लुगड्याच्या चिंधीला करडईचं तेल लावून रोज दुपारी पुसलं. पंधरा दिवस. चिंधी रोज काळी व्हायची. एखादीला शंका आली असती. मला अभिमान वाटायचा.

एकदा आत्याबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "रॉकेलनं पुसून देऊ का गं?"

"नको. झाक जाईल."

लग्नाला चार महिने झाले होते आणि 'हो', 'बरं' सोडून त्या घरात मी ठासून बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यांनी मामंजींकडे पाहिलं, मामंजींनी छताकडे पाहिलं, आणि विषय संपला.

तेवढ्यात यांची बदली उदगीरला होणार अशी कुजबुज सुरू झाली. ती थांबवणं साहेबांच्या हातात. साहेब वैशाखातल्या एका रविवारी दुपारी चहाला आले. पांढरीशुभ्र पँट, इस्त्रीची.

"साहेब, हिकडं खाटंवर बसा की," मामंजी घाईनं उठले.

मी कसली ऐकतेय. ठोकळा पुढे सरकवला. "इथं बसा साहेब. तीन पिढ्यांची झाक आहे."

मामंजींना खोकला लागला. साहेब बसले. वर पत्रा तव्यासारखा तापलेला. चिवडा झाला, दोनदा चहा झाला, टँकरच्या गप्पा अर्धा तास चालल्या. मग साहेब उठायला गेले, तर ठोकळाही हलला. चर्र असा आवाज झाला आणि साहेब सुटले. दाराकडे वळले, तेव्हा पाठीमागे ताटाएवढा काळा गोल.

शेवटी मामंजीच म्हणाले, "वंगण हाय ते. ह्याच्यावर बैलगाडीचा आख टेकवून चाकाला वंगण घालत होतो. माझ्या बापापासनं. सगळं गळून त्याच्यावरच वाळलंय."

"मग बाबा, आधी बोलला का न्हाई?" यांचा चेहरा उदगीरला पोचला होता.

"सूनबाई रोज इतक्या निगुतीनं पुसून राहिली. तुझी माय म्हणली, नांदेडात तशी रीत असंल."

साहेबांना मामंजींचं धोतर नेसवलं. जीपमध्ये चढताना सोगा सावरत ते यांना म्हणाले, "तुम्ही लातुरातच राहा. माझी पँट परत येईपर्यंत तरी."

ही आशा होती की धमकी, ते आम्हाला कळलं नाही. मी मात्र पँट घेऊन अंगणात बसले. रॉकेल, सोडा, आणि घरात तीन दिवस पुरवायचं होतं ते सगळं पाणी. डाग निघाल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून घासत होते.

आत्याबाई शेजारी येऊन टेकल्या.

"सूनबाई, जपून घास गं. झाक जाईल."

मी म्हणाले, "बरं."