आखितीचं मडकं

"मॅडम, त्या बाई शिकायला येणार आहेत की शिकवायला?"

पुण्यातल्या पॉटरी क्लासच्या बाई फोनवर हसत होत्या. अगदी पहिल्यापासून शिकवणारा क्लास हवा आहे, हे मी त्यांना सांगितलं होतं. ज्यांना शिकायचंय त्या वरवंडच्या कुंभाराच्या घरातल्या आहेत, हेही सांगितलं होतं.

"शिकायला," मी म्हणाले. "चाक त्यांना येत नाही."

माझा हा चौथा फोन. पहिल्या ठिकाणी फक्त सुट्टीतली मुलं घेत होते. दुसरीकडे वर्षभराचा डिप्लोमा होता, तोही इंग्रजीतून. तिसऱ्यांनी विचारलं, "आधीचा अनुभव?" मी खरं ते सांगितलं आणि ते गोंधळले. या बाई मात्र हसून झाल्यावर म्हणाल्या, "पाठवा. रविवारची बिगिनर्स बॅच आहे. सगळे शून्यापासूनच सुरू करतात."

तेव्हा मी दौंडला बचत गटांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत ट्रेनिंग कोऑर्डिनेटर होते. नाव मोठं, काम साधं. गटातल्या बाईला जे शिकायचं असेल ते कुठे शिकवतात ते शोधायचं, तिला तिथं पोचवायचं, आणि पुढे तिचा धंदा उभा राहतो का ते बघायचं. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. वडील मेंढरं राखायचे. शाळेतल्या एका बाईंनी मला शिरूरच्या कॉलेजपर्यंत अक्षरशः हाताला धरून नेलं. म्हणून कुणाला कुठे पोचवायचं म्हटलं की मला आजही हुरूप येतो.

शालन संक्रांतीनंतर ऑफिसात आली. दिवाळीच्या तोंडावर तिचा नवरा पणत्यांचा टेम्पो घेऊन निघाला आणि हायवेवरच अपघातात गेला. घरात उरले ती आणि सासरे, आप्पा. मुलाच्या दहाव्यापासून आप्पांचे हात कापायला लागले. कापणाऱ्या हातांनी चाकावर मडकं होत नाही.

"मला सगळं येतंय मॅडम," शालन म्हणाली. "माती चाळती, तुडवती, थापीनं मडकं ठोकून फुगवती, भट्टी लावती. फकस्त चाक येत न्हाई. आमच्यात बाई चाकाला हात लावत न्हाई."

"मग पुण्यात कसं चालेल?"

"ते लाईटवर फिरतंय म्हनं. म्हंजी मशीन झालं. मशीनला बाईनं हात लावला तर कोन काय म्हनंल?"

हे तिनं घरून ठरवून आणलं होतं. मी विचारलं, शिकून काय करणार? मला वाटलं होतं कुंड्या, पणत्या, शोभेच्या वस्तू असं काही सांगेल.

"आखितीचं मडकं करायचंय. मालकांच्या नावाचं."

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखिती म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं नवं मडकं पाण्यानं भरून देतात, उन्हाळ्यात त्याला गार पाणी मिळावं म्हणून.

"सगळ्या गावाच्या मेलेल्या मान्सांना आमच्या घरनं मडकी गेली," ती म्हणाली. "आन् ह्यांच्या नावाचं दुसऱ्या कुंभाराकडनं इकत आनायचं? आप्पांला ते सोसायचं न्हाई."

मी प्रस्ताव केला. त्यात धंद्याचंच लिहिलं, कारण संस्था त्यासाठीच ट्रेनिंग द्यायची.

दर रविवारी ती पहाटेची एसटी धरायची. मी एकदा क्लास बघायला गेले. ॲप्रन घातलेल्या मुली, एक रिटायर्ड साहेब, आणि मधे डोक्यावर पदर घेतलेली शालन. सगळ्यांच्या वाटची माती तीच मळून देत होती.

"शालनताई, आमची माती मळायला तुम्हीच आहात, कधी सुट्टी नका घेऊ हं," एक मुलगी म्हणाली.

"तुमी पोळीची कनीक तरी मळता का गं घरी?" शालननं विचारलं. सगळे हसले.

चाकावर मात्र ती इतरांइतकीच नवी होती. मातीचा गोळा आधी चाकाच्या बरोबर मध्ये बसवावा लागतो. त्याला सेंटरिंग म्हणतात. जरा हुकलं की गोळा डगमगतो आणि भिंत एका बाजूला कलते. तिची भिंत पुन्हा पुन्हा कलत होती. मग तिनं डोळे मिटले आणि गोळा स्थिर झाला.

"काय केलंस?" मी विचारलं.

"काय न्हाई. मालकांचं चाक कसं वाजायचं ते आठवलं."

शेवटच्या रविवारी तिनं एक लहान मडकं घरी आणलं. क्लासच्या भट्टीत भाजलेलं, वर निळी ग्लेझ. ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत थर. मी मुद्दाम वरवंडला गेले. आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी मडकं कानाशी धरून टिचकी मारली.

"वाजतंय बरं," ते म्हणाले. मग त्यात पाणी ओतून समोर ठेवलं.

आम्ही चहा घेतला. उसाच्या, पावसाच्या गप्पा झाल्या. बऱ्याच वेळानं आप्पांनी मडक्याच्या पोटावरून बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. बोट कोरडं होतं.

"ह्याला घाम न्हाई मॅडम. घाम आला न्हाई तर पानी गार कसं व्हायचं? माझ्या पोराला कोमट पानी पाजू व्हय?"

शालन खाली बघत होती. मी म्हणाले, "आप्पा, तिला आता चाक येतं. घरच्या चाकावर करू द्या."

"चाकाला बाईचा हात न्हाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मडक्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि मडकं तिच्या हातात परत दिलं.

पुढचं शालननं सांगितलं. आप्पांनी स्वतः चाक मांडलं. तीन मडकी चाकावरच खचली. चौथ्यांदा त्यांनी माती गोळा केली आणि तसेच बसून राहिले. मग तिला हाक मारली. ती दारातच थांबली.

"ये हिकडं," ते म्हणाले. "चाकाला हात माझा. मातीला तुझा."

चाक काठीनं फिरवावं लागतं. वेग ओसरला की पुन्हा काठी लावायची. आप्पांनी दोन्ही हातांनी काठी धरली. हात कापत होते, पण काठीला तेवढं चालतं. चाकावर तिचा हात कुठेच लागला नाही. फक्त मातीला लागला.

आखितीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. पाटावर ते मडकं होतं, साधं, लाल, थोडं डावीकडं कललेलं. मी बोट लावलं. बोट ओलं झालं. आप्पा माझ्याकडे बघत होते, म्हणून मी ते ओलं बोट पदराला पुसलं नाही.

त्या पावसाळ्यात आप्पा गेले.

धंदा उभा राहिला का हे बघणं माझं कामच होतं. पुढच्या आखितीच्या आधी मी गेले. शालन एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागली होती. चाक भिंतीला टेकवून ठेवलं होतं, वर पोतं. देव्हाऱ्याजवळ दोन नवी मडकी होती, यवतच्या बाजारातून आणलेली.

"शालन, तुला येतं की गं. आता तुला कोण अडवणार?"

"कोनीच न्हाई," ती म्हणाली. "म्हनूनच. आप्पांनी पोटच्या पोरासाठी बी चाकाला माजा हात लागू दिला न्हाई. मी ते त्यांच्या माघारी मोडू व्हय?"

"मग लाईटचं चाक घेऊ. कर्ज काढून देते."

"त्या चाकावर काठी कोन धरनार मॅडम?"

तिनं चहा ठेवला. निळं मडकं फळीवर होतं. त्यात ती साखर ठेवत होती. घाम येत नसल्यानं साखर कोरडी राहायची.

ऑफिसात मी कळवलं की ट्रेनिंग पूर्ण झालं, धंदा सुरू नाही. साहेब म्हणाले, "वाया गेलं म्हणायचं." मी "हो साहेब" म्हणाले. नंतरही मी पुष्कळ बायकांना पुष्कळ क्लास शोधून दिले. फक्त कोणता क्लास हवा हे विचारायच्या आधी, काय बनवायचंय आणि घरी त्याला हात कोण लावणार, एवढं विचारून घेऊ लागले.