मध्ये समुद्र नव्हता

मी मॉस्कोला शिकायला निघाले तेव्हा आबा दौंड स्टेशनवर गाडीच्या खिडकीशी उभे होते. याच यार्डात त्यांनी आयुष्यभर रुळांचे सांधे बदलले. शिट्टी झाल्यावर त्यांनी विचारलं, "मधी समिंदर हाय का गं?"

"नाही, आबा. पुस्तकात आशिया-युरोप वेगळे धरून सात खंड मोजतात. पण जमीन एकच आहे, सलग."

"मंग काय लांब न्हाई."

"व्हय, आत्याच्या राहूच्या पल्याडच हाय," दादा हसला.

मॉस्कोत भूगर्भशास्त्राच्या पहिल्या तासाला सर म्हणाले, खंड सहाच, युरेशिया एक. शेजारची क्यूबाची मुलगी म्हणाली, आम्ही दोन्ही अमेरिका मिळून एक धरतो. ही गंमत मी घरी कळवली.

दुसऱ्या हिवाळ्यात दादाची तार आली. राहूला आत्याकडे जातो म्हणून निघालेले आबा तिथं पोचलेच नव्हते. त्यांना छातीचं दुखणं होतं. मी हॉस्टेलच्या दाराशी पहारेकरणीजवळ बसून राहायचे. दाराची घंटा वाजली की ती आधी माझ्याकडे बघायची, मग तार नाही म्हणून मान हलवायची.

दुसरी तार आली: आबांनी अमृतसरचा पास काढलाय.

मग उमगलं. रेल्वेच्या माणसाला पासावर देशभर जाता येतं. जमीन तुटत नाही, तर रूळ तरी का तुटावेत, असा त्यांचा सरळ हिशेब. पण अमृतसरपुढे सरहद्द होती. युद्ध होऊन फार दिवस झाले नव्हते. दिसेल त्याच्यावर गोळी झाडतात, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

तिसऱ्या तारेत एकच शब्द होता: परतले.

आबांचं बोलणं दादानं नंतर पत्रात तसंच उतरवून धाडलं. "पोरगी खोटं न्हाई बोलली. जमीन म्होरं हायेच. रूळ बी हायेत, गंजल्यालं. शिपाई म्हनला, बाबा, मागं फिरा. म्या म्हनलं, लेकीकडं चाललोय. त्यानं चा पाजला आन् गाडीत बशिवलं."

त्या उन्हाळ्यात आबा गेले. मी पोचले तोवर जलदान विधीही उरकला होता.

दादा, नोकरीसाठी मी इथं मॉस्कोतच राहिले, तेव्हा तू विचारलंस, आता घर कुठलं सांगशील? आज सांगते. दौंडपासून, आबांना मागं फिरवणाऱ्या त्या शिपायाच्या पायांपर्यंत माझं घर आहे. त्याच्या पुढं मी नुसती राहते.