पेटीतला राक्षस

जवळा गावच्या बाजारात एक म्हातारा लाकडी पेटी घेऊन बसायचा. आत पत्र्याचा राजपुत्र आणि त्याच्यावर चालून येणारा राक्षस. एकट्यानं खेळायचं, मूठ फिरवून तलवार चालवायची. चित्रं झकास, मूठ मात्र मेली घट्ट! नणंदेनं पहिल्याच खेपेला राक्षस पाडला. मी हरले तर ती घरभर दवंडी पिटणार होती. आणि मी नवी नवरी, मोठी शूर, पाचदा हरले.

"मामा, तुमची पेटीच खराब हाय."

"पेटी बराबर हाय, ताई. राक्षस आला की तुमीच डोळे मिटून राहिल्या."

सहाव्यांदा डोळे फाडून बघितलं, तर राक्षसाचं तोंड माझ्याहून घाबरलेलं! धाडकन पाडला. भर बाजारात उड्या मारल्या मी. म्हाताऱ्यानं राक्षसाला उभं केलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि हळूच विचारलं, "लागलं का रं, लेकरा?"