वॉनच्या हॉलमधला फ्रेंच शिपाई

आमचे कास्मिर तसे भित्रे नाहीत, पण गर्दी दिसली की रस्ता बदलतात. आणि संध्याकाळी चर्चची घंटा कानावर पडली की असतील तिथे टोपी काढून प्रार्थनेला उभे राहतात, वसईत राहायचे तसे. इथे परदेशात, वॉनला, ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये, भर बर्फात ट्रॉली धरून हे उभे, मागे गाड्यांचे हॉर्न! मी चिडते, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही.

वेअरहाऊसमधला त्यांचा सुपरवायझर साल्वातोरे मूळचा सिसिलीचा. २००४ च्या ईस्टरला त्याने चर्चच्या हॉलमध्ये नाटक बसवलं. गोष्ट त्यांच्याच इतिहासातली: सातशे वर्षांपूर्वी सिसिलीवर फ्रेंचांचं राज्य होतं आणि लोक त्याला विटले होते. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी एका शिपायाने चर्चबाहेर एका बाईची छेड काढली, संध्याकाळची घंटा झाली आणि अख्खं गाव फ्रेंचांवर तुटून पडलं. आता सिसिलीच्या माणसांत फ्रेंच कोण होणार? "कास्मिर, यू आर परफेक्ट," साल्वातोरे म्हणाला, आणि ह्यांना नाही म्हणवेना.

मला नाटकातला तो जमावच दिसू लागला. ब्याण्णवच्या दंगलीत मुंबईला जमावाने ह्यांना आणि बेकरीत ह्यांच्याबरोबर काम करणाऱ्या सत्तारला अडवलं होतं. ह्यांनी गळ्यातला क्रूस दाखवला, 'नमो मरिये' ही आमची प्रार्थना म्हणून दाखवली. ह्यांना सोडलं. सत्तारला नाही. ह्यांनी लग्नानंतर एकदाच हे सांगितलं, पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

"नका ना जाऊ," मी म्हटलं.

"कॉन्स्टन्स, लाकडी सुऱ्या आहेत गं. घंटा वाजली की पळायचं, पडायचं, मरायचं. दॅट्स ऑल."

नाटकाच्या दिवशी स्टेजवर घंटा वाजली. सुऱ्या उगारून, आरडाओरडा करत माणसं धावली. आणि हे पळालेच नाहीत! शिरस्त्राण काढलं, डोळे मिटले आणि पुटपुटू लागले. तेच, 'नमो मरिये'.

गर्दी गोंधळून थबकली. साल्वातोरेची सुरी ह्यांच्या छातीला टेकली होती. "डाय, कास्मिर! डाय!" तो दबक्या आवाजात म्हणाला.

ह्यांनी डोळे उघडले. चेहरा पांढराफटक. समोर कोण दिसत होतं देव जाणे. शेजारी कुणीच नव्हतं, तिथे हात आडवा धरून ते मराठीत ओरडले, "ह्यालापण सोडा! हा माझ्याबरोबर आहे!"

लोकांना वाटलं, नाटकच आहे. टाळ्या पडल्या. मी धावत स्टेजवर गेले, पडदा पडला, तरी ते हात खाली घेईनात.