तीन वर्षांनी परत करायचा चेंडू

गांगुर्डे सरांची आणि माझी पहिली भेट मुळीच सुखाची झाली नाही. मी नाशिकला आमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. मुलींचा बास्केटबॉल संघ बाहेरगावी निघाला की सोबत एक प्राध्यापिका हवी, या नियमापायी प्राचार्यांनी मला जिमखान्यावर धाडले. तिथले प्रशिक्षक गांगुर्डे सर. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि वापरून गुळगुळीत झालेला एक चेंडू हातात ठेवला. "घरी न्या, बाई. हात बसेल. तीन वर्षांनी परत करा." मी तो घरी कपाटावर टाकला आणि या गृहस्थांशी आपले जमायचे नाही, हे त्याच दिवशी ठरवले.

संघात आलेल्या प्रत्येक मुलीला सर असाच चेंडू घरी देत. एकदा चेंडू दिला की ती तीन वर्षे संघात, मग तिला तो झेलता येवो न येवो. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संयमाचे गोडवे गाणारे लेख पुष्कळ असतील. तो संयम बाकावर बसून मी सोसला आहे, म्हणून जरा खरे लिहिते.

पिंपळगाव बसवंतहून रोज एस.टी.ने येणारी मंदा नावाची मुलगी होती. उंची भरपूर, बाकी आनंद. चेंडू हाती आला की टप्पा न मारता ती तो छातीशी कवटाळून चार पावले चालायची, आणि शिट्टी वाजली की पंचांकडे बघून ओशाळे हसायची. दोन वर्षे हेच चालले. आम्ही दर वेळी पहिल्या फेरीत गारद. परतीच्या प्रवासात मी धुसफुसत असे आणि सर मंदाला कौतुकाने सांगत, आज तू तीनच पावले चाललीस. मला बास्केटबॉलमधले ओ की ठो कळत नव्हते, पण हरण्याचा मात्र मनस्वी कंटाळा आला होता.

अशात पुण्याची एक मुलगी प्रवेशाची चौकशी करत आली. तिच्या वडिलांची नाशिकला बदली झालेली. अगदी तयार खेळाडू. तिची अट एकच, संघात जागा हवी. बारा जागा भरलेल्या होत्या. सरांनी तिला प्रेमाने सांगितले, यंदा आमच्याबरोबर सराव कर, पुढच्या वर्षी बघू. मी कपाळावर हात मारून घेतला. आयते ताटात आलेले ढकलून द्यायला सुद्धा माणसाला काही मर्यादा असावी.

मग मी सरांना न विचारता मंदाला बोलावले. रोजची एवढी ये-जा कशाला, टी.सी. काढून गावाजवळच्या कॉलेजात जा, असे तिला सुचवले. टी.सी.साठी ग्रंथालयाची आणि जिमखान्याची, काही येणे नाही अशी सही लागते. तो कागद घेऊन ती सरांपुढे उभी राहिली, तेव्हा मी बाजूच्या टेबलावर उगाच फायली चाळत होते.

सरांनी चेंडू कुठे आहे, असे विचारले. मंदाने पिशवीतून काढून दिला. सरांनी तो फिरवून पाहिला. त्यावरचे दाणे पार झिजले होते.

"दिला तेव्हा बरा होता," सर म्हणाले.

"रोज भित्तीवर मारते, सर. आई लय बोलती. पन मला लवकर येतच नाय."

सरांनी चेंडू तिच्या हातात परत दिला. "तीन वर्षं झाली की आण. तोवर सही होणार नाही." जायला कोणी सांगितले, हे त्यांनी तिला विचारले नाही. माझ्याकडे पाहिलेही नाही. ते मला जास्त लागले.

पुण्याची मुलगी दुसऱ्या महाविद्यालयात गेली आणि त्याच हिवाळ्यात तिने आम्हाला धुऊन काढले. त्या सामन्यात मंदा एकदाही चालली नाही. बोर्डावरून येणारा चेंडू उडी मारून घ्यायची आणि सरळ पास द्यायची. आम्ही हरलो तरी सर घरात लग्न ठरल्यासारखे खुशीत. मी दुसऱ्या दिवशी तडक प्राचार्यांकडे गेले आणि प्रशिक्षक बदला, असे स्वच्छ सांगितले. प्राचार्य बघतो म्हणाले. पुढे काहीच झाले नाही.

मंदा आज वणीला शाळेत खेळ शिकवते, आणि मुलींना चेंडू घरी देते. ती दरवर्षी सरांना भेटायला येते. जिमखान्याच्या कपाटात मात्र त्या वर्षांतला एकही करंडक नाही. त्या पुण्याच्या मुलीला घ्यायलाच हवे होते, हे माझे मत आजही कायम आहे.

पण गेल्या महिन्यात, सरांच्या निरोपसमारंभात, ते जुने प्राचार्य भेटले. त्यांनी सांगितले की माझी तक्रार ऐकल्यावर त्यांनी सरांना बोलावून विचारले होते, या बाई फार भांडतात, यांच्या जागी दुसऱ्या कोणाला देऊ का? सर म्हणाले होते, "राहू द्या. नवीन आहेत. तीन वर्षं तरी द्यायला हवीत."

मला जिमखान्यावर आता बारा वर्षे झाली. माझा चेंडू अजून घरी कपाटावरच आहे आणि सरांनी तो एकदाही मागितलेला नाही. सर, आपले गुडघे धड राहोत, शिट्टीपुरता दम टिको आणि आपण शंभरी पाहावी. माझा हात अजून बसायचा आहे. तेवढा वेळ आपण मला द्यायलाच हवा.