विचारून द्यायची औषधं

शुभदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथल्या भारतीय बाजारात, लिटिल इंडियात, कढीपत्त्याची जुडी हातात धरून उभी होते. फोन अविनाशचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. "गेली गं," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणाले. असं कुणी म्हणतं का?... पण मी म्हणाले. मग कढीपत्ता घेतला, घरी आले आणि फोडणीही केली. रडू आलं ते चार दिवसांनी, भलत्याच ठिकाणी, ऑफिसच्या लिफ्टमध्ये. आता सात आठवडे झाले. तिच्याबद्दल लिही, असं इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांनी सांगितलं. ती किती हसरी होती, गणपतीत पंचवीस जणांसाठी उकडीचे मोदक कशी एकटी करायची, ते सगळं खरंच आहे. पण मला डाचतंय ते वेगळंच, आणि ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

शुभदा फार्मसिस्ट होती. २०११ मध्ये आम्ही इथल्या बिशान भागात राहायला आलो तेव्हा ती आमच्या खालच्या मजल्यावर राहत होती आणि एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात काम करत होती. मी नाशिकची, ती पुण्याची, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच मिसळीवरून भांडण झालं आणि मैत्री पक्की झाली. इथे सरकारनं औषधांचे तीन वर्ग केलेले आहेत. ते मला समजावताना तिनं स्वतःची मराठी नावं ठेवली होती. 'लिहून' म्हणजे डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय मिळणार नाहीत अशी. 'उचलून' म्हणजे कुणीही फळीवरून उचलावीत अशी, साधी डोकेदुखीची वगैरे. आणि मधली 'विचारून'. ती काउंटरच्या मागे ठेवायची, फार्मसिस्टनं स्वतः चार प्रश्न विचारायचे, पटलं तर द्यायची आणि कुणाला काय दिलं ते नोंदवून ठेवायचं. "लिहून देतो डॉक्टर, उचलून घेतं गिऱ्हाईक," ती म्हणायची, "आमची अक्कल काय ती मधल्यातच!"

आणि त्या मधल्यासाठी ती हटून बसायची. ती जेवायला गेली की मागच्या कपाटाला कुलूप आणि पुढे पाटी, फार्मसिस्ट जागेवर नाही. एकदा मी तिथेच उभी असताना एक म्हातारे चिनी गृहस्थ खोकल्याच्या औषधासाठी आले. तिनं किती दिवसांपासून, ताप आहे का, दुसरी काय औषधं चालू आहेत, असं सुरू केलं. गृहस्थ वैतागले. "आय्याह, कफ ओन्ली लाह! यू पोलीस आह?" शुभदा हसली, पण तिनं बाटली दिली नाही, डॉक्टरकडे पाठवलं. मी तिला म्हणाले, "अगं, देऊन टाकायचं ना, कशाला त्या म्हाताऱ्याला पिडतेस?" तर माझ्यावरच उखडली. "मीरा, बाटली तर मशीनही देईल. मला पगार विचारण्याचा मिळतो."

मग काही वर्षांनी अ‍ॅसिडिटीची एक गोळी सरकारनं 'लिहून'मधून काढून 'विचारून'मध्ये टाकली. शुभदाला स्वतःला बढती मिळाल्यासारखा आनंद झाला. "आमच्या ओटीत घातली बघ!" असं म्हणत तिनं मला जबरदस्तीनं बसवून सगळे प्रश्न म्हणून दाखवले. त्रास किती दिवसांपासून आहे? गिळताना अडकतं का? वजन कमी झालंय का? गोळ्या द्यायच्या त्या चौदाच दिवसांच्या, आणि तेवढ्यात बरं वाटलं नाही तर सरळ डॉक्टर. ही गोळी जळजळ थांबवते, पण आत काही वाईट असेल तर तेही झाकून ठेवते, म्हणून हे सगळं. मला अर्ध्यातच जांभई आली होती.

माझी आई तेव्हा आजारी होती आणि पुण्याला भावाकडे राहत होती, त्यामुळे मी दर तीन महिन्यांनी पुण्याला जायचे. एकदा निघताना शुभदा म्हणाली, "येताना अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांच्या दोन स्ट्रिप आणशील? मला तिकडच्याच मानवतात." मी आणल्या. पुढच्या खेपेला पाच सांगितल्या, त्याच्या पुढच्या खेपेला दहा. त्या स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकू नये. कोथरूडच्या आमच्या दुकानदाराला ती रेघ कधी दिसली नाही आणि मलाही नाही. तो बोलता बोलता पिशवी भरायचा.

मला एका गोष्टीचा फार अभिमान होता, तो इथे सांगायलाच हवा. आपली माणसं परदेशात भेटली की पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला का, फ्लॅट स्वतःचा का, दुसरं मूल कधी, अशा चौकशांनी जीव नकोसा करतात. मी त्यातली नाही. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं मला जमत नाही, आणि ते मी मोठेपणानं सांगतही फिरायचे. जी बाई चौदा दिवसांच्या पुढे कुणाला गोळी देत नाही, ती स्वतःसाठी दहा स्ट्रिप का मागवते, हे मी विचारलं नाही. स्वतःच्या दुकानात घ्यायच्या तर सहकारी फार्मसिस्टसमोर उभं राहून ते प्रश्न ऐकावे लागले असते, हेही मला तेव्हा सुचलं नाही. एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, आम्ही डोसा खायला बसलो होतो. ती एवढुसे तुकडे करत होती आणि प्रत्येक घासामागे पाणी पीत होती. तिची मुलगी इरा तेव्हा सहावीत होती. ती म्हणाली, "मावशी, आई एव्हरी डे लाइक दॅट वन. ईट सो स्लो." शुभदानं मान खाली घातली. मी काय म्हणावं? मी म्हणाले, "बारीक झालीयेस हं, डाएट मानवलंय तुला!"

ते वर्ष इराच्या परीक्षेचं होतं. सहावीच्या या एका परीक्षेवर इथे मुलांची पुढची शाळा ठरते आणि अख्खं घर श्वास रोखून बसतं. परीक्षा होऊ दे, मग दाखवते, असं शुभदानं अविनाशला दोनदा सांगितलं होतं. तिचे वडील जठराच्या कॅन्सरनं गेले होते. ती घाबरली होती, एवढंच. इतकी वर्षं लोकांना विचारणारी बाई स्वतःला विचारायला घाबरली. परीक्षा झाल्यावर तपासण्या झाल्या, तोवर तिचाही कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. गोळ्यांनी त्रास दाबला होता, आजार तसाच वाढत होता. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात मी तिला शेवटची भेटले तेव्हा तिला बोलवत नव्हतं. मी अर्धा तास इराच्या नव्या शाळेबद्दल बडबडत राहिले. तिनं फक्त माझं मनगट धरून ठेवलं होतं.

आता ती मला सोडत नाही. भाजी चिरताना, ऑफिसात कुणी टेबलापाशी येऊन उभं राहिलं की, तिचा आवाज येतो. किती दिवस झाले? गिळताना अडकतं का? वजन? हा आवाज काउंटरवरचा आहे, शांत, मान किंचित कलती ठेवून विचारलेला. मी वळून बघते. कुणी नसतं. आणि मला भीती वाटते ती शुभदा मेली आहे म्हणून नाही, तर तीन साधे प्रश्न मला तोंडपाठ होते आणि ते मी वर्षभर गिळून बसले, याची.

गेल्या रविवारी तिच्या घरी गेले. तिचा पांढरा कोट अजून दाराच्या मागे होता, इस्त्री केलेला, खिशाला पेन. इरा खोलीत होती. अविनाशनं चहा केला, पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "मीरा, तुला सांगायचं राहून गेलं. शेवटी शेवटी ती तुझंच नाव घ्यायची. म्हणायची, गोळ्या दुसऱ्या कुणाकडून मागवल्या असत्या तर दहा प्रश्न विचारले असते. मीरानं कधी एका शब्दानं विचारलं नाही. माझं मन तिनं राखलं." त्याचे डोळे भरून आले होते. तो मनापासून माझे आभार मानत होता.

आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अरे, त्यात काय एवढं."